वाचणं, लिहिणं, बोलणं यातल्या अडचणी आणि त्यावरचं संशोधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अफेजिया, डिस्लेक्सिया, डीएलडी... हे सगळं एकच आहे का?

नाही, पण नातं जवळचं आहे म्हणून लोक गोंधळतात. अफेजिया म्हणजे आधी भाषा नीट येत होती आणि मग स्ट्रोक, डोक्याला मार, ट्यूमर असं काहीतरी झाल्यामुळे ती बिघडली. डिस्लेक्सिया म्हणजे लहानपणापासूनच अचूक आणि सहज वाचणं जमत नाही, शुद्धलेखनही सहसा अडतं. डीएलडी म्हणजे डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर, यात मुलाला ऐकू व्यवस्थित येतं, बाकी मोठं कारणही दिसत नाही, तरी बोललेली भाषाच नीट उमलत नाही, शब्द कमी, वाक्यं तुटक, लांब सूचना दिली की अर्धी हरवते. मोठेपणी मेंदूला इजा होऊन वाचन गेलं तर त्याला अलेक्सिया म्हणतात आणि लिखाण गेलं तर अग्राफिया, पण रिसर्चमध्ये अलेक्सियालाही बऱ्याचदा 'अक्वायर्ड डिस्लेक्सिया' (म्हणजे नंतर आलेला) म्हटलं जातं, त्यामुळे पेपर वाचताना आधी बघा की मुलांबद्दल चाललंय की स्ट्रोक झालेल्या माणसांबद्दल.

बोलता येत नाही म्हणजे समजतही नाही, असंच ना?

अजिबात नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात जास्त नुकसान करतो असं माझं स्पष्ट मत आहे, कारण त्यामुळे घरातली माणसं पेशंटसमोरच त्याच्याबद्दल "याला काही कळत नाही" असं बोलतात आणि तो बिचारा सगळं ऐकत असतो.

१८६१ मध्ये पॅरिसला पॉल ब्रोका यांनी लेबोर्न्य नावाच्या पेशंटची केस मांडली. हा माणूस कित्येक वर्षं फक्त "तां" एवढाच आवाज काढायचा, बाकी काही नाही, पण त्याला बोललेलं बऱ्यापैकी समजत होतं आणि हातवारे करून तो उत्तरं द्यायचा. तो गेल्यावर त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा सापडली. पुढे १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी, तेव्हा त्यांचं वय फक्त २६ होतं, उलटा प्रकार दाखवला, म्हणजे बोलणं धो धो वाहतंय पण शब्द चुकीचे, अर्थ लागत नाही, आणि समोरच्याचं बोलणंही नीट कळत नाही. तिथे इजा मागच्या बाजूला, कानाच्या वरच्या भागात.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. लेबोर्न्यचा मेंदू जपून ठेवलेला आहे आणि २००७ मध्ये तो एमआरआयमध्ये स्कॅन केला तेव्हा दिसलं की इजा ब्रोकांनी सांगितलेल्या जागेपुरती नव्हतीच, खूप आतपर्यंत गेलेली होती. त्यामुळे "मेंदूत इथे बोलणं, तिथे समजणं" असे जे रंगीत नकाशे फिरतात ते फार ढोबळ आहेत. आज संशोधक एका ठिपक्यापेक्षा भागांना जोडणाऱ्या वाटांबद्दल जास्त बोलतात.

मग बोलण्याची अडचण आणि भाषेची अडचण वेगळी कशी ओळखायची?

डिसआर्थ्रियामध्ये जीभ, ओठ, घसा यांचे स्नायू कमजोर होतात किंवा नीट चालत नाहीत, शब्द डोक्यात बरोबर असतो पण उच्चार घोळदार येतो. अशा माणसाला हात चालत असेल तर तो लिहून अगदी नीट सांगू शकतो. अप्रॅक्सिया ऑफ स्पीचमध्ये स्नायू ठीक असतात पण हालचाली कुठल्या क्रमाने करायच्या याचं प्लॅनिंग बिघडतं, म्हणून तोच शब्द एकदा बरोबर येतो आणि पुढच्या वेळी तीन वेगळ्या प्रकारे चुकतो. अफेजियामध्ये मात्र शब्द सापडणं, वाक्य जुळवणं, अर्थ लावणं हेच अडतं, त्यामुळे बहुतेक वेळा लिखाणही अडतं. एकाच पेशंटमध्ये दोन-तीन गोष्टी एकत्र असणं खूप कॉमन आहे.

भाषा म्हणजे आवाज नव्हे याचा सगळ्यात भक्कम पुरावा कर्णबधिर लोकांवरच्या अभ्यासातून आला. लहानपणापासून खुणांची भाषा वापरणाऱ्या माणसांना डाव्या मेंदूत इजा झाली तर त्यांच्या खुणांमध्येच अफेजिया दिसतो, खुणा सापडत नाहीत, व्याकरण तुटतं, हात मात्र बाकी सगळ्या कामांना व्यवस्थित चालतात. उर्सुला बेलुजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं १९८० च्या दशकातलं काम यासाठी मुळातून बघावं.

स्ट्रोकनंतर लिहिता येतंय पण वाचता येत नाही. असं कसं शक्य आहे? नाटक तर नाही ना?

नाटक नाही. याला प्युअर अलेक्सिया म्हणतात आणि याची प्रसिद्ध केस १८९२ ची आहे, ज्यूल देजरीन यांनी लिहिलेली. त्यांचा पेशंट शिकलेला, वाचनाची आवड असलेला माणूस, १८८७ मध्ये एके दिवशी अचानक त्याला लिहिलेलं वाचता येईना. नजर ठीक, बोलणं ठीक, समज ठीक. सांगितलेलं लिहून घ्यायचा, स्वतःच्या मनाने पत्रही लिहायचा, आणि थोड्या वेळाने तेच पत्र त्याच्यासमोर धरलं तर एक शब्द वाचता यायचा नाही. अक्षरावरून बोट फिरवलं की मात्र हाताच्या हालचालीवरून त्याला अक्षर ओळखू यायचं! आकडेही वाचता यायचे. तो गेल्यावर मेंदू तपासला तर डाव्या बाजूच्या मागच्या दृष्टीच्या भागात इजा होती आणि मेंदूचे डावा आणि उजवा हे दोन्ही अर्धे भाग जोडणाऱ्या पुलाच्या मागच्या टोकालाही होती. म्हणजे उजव्या बाजूला अक्षरं दिसत होती पण ती डाव्या बाजूच्या भाषेपर्यंत पोचायचा रस्ताच बंद.

आज असे पेशंट बऱ्याचदा एकेक अक्षर सुटं ओळखून वाचतात, म्हणून शब्द जितका लांब तितका वेळ वाढत जातो. नेहमी वाचणाऱ्या माणसाला लहान शब्द आणि थोडा लांब शब्द यात फारसा फरक पडत नाही, त्यामुळे शब्दाची लांबी आणि लागणारा वेळ यांचं गणित मांडलं की निदानाला चांगली मदत होते.

घरी असं कोणी असेल तर चिडू नका, त्यालाही ते तितकंच विचित्र वाटत असतं.

टेस्टमध्ये अर्थ नसलेले शब्द का वाचायला लावतात? आणि चुका एवढ्या बारकाईने का लिहून घेतात?

कारण चुकीतच सगळी माहिती असते. "किती बरोबर" हा आकडा फक्त तीव्रता सांगतो, "कसं चुकलं" हे कुठे बिघडलंय ते सांगतं.

१९७३ मध्ये जॉन मार्शल आणि फ्रेडा न्यूकोम यांनी एक पेपर लिहिला ज्यात त्यांनी मेंदूला इजा झालेल्या मोजक्या पेशंटच्या वाचनातल्या चुका नीट लावून बघितल्या आणि त्यातून वेगवेगळे प्रकार बाहेर आले. आपल्या शब्दांत सांगायचं तर समोर 'वाघ' लिहिलंय आणि माणूस 'सिंह' वाचतो. विचार करा, दोन्ही शब्दांत एकही अक्षर सारखं नाही, म्हणजे त्याने अक्षरांवरून वाचलंच नाही, अर्थापर्यंत पोचला आणि तिथून शेजारचा शब्द उचलून आणला. याला डीप डिस्लेक्सिया म्हणतात. अशा माणसाला 'टगमी' किंवा 'पुसेक' असला निरर्थक शब्द वाचता येत नाही कारण त्याला अर्थच नाही, आणि 'टेबल' जमतं पण 'परंतु' अडतं.

दुसऱ्या टोकाला सरफेस डिस्लेक्सिया. इथे माणूस अक्षरं लावून लावून वाचतो, 'टगमी' सहज वाचेल, पण ज्या शब्दाचा उच्चार स्पेलिंगवरून कळत नाही तिथे फसेल. इंग्रजीत असे शब्द ढिगाने आहेत म्हणून तिथे हे पटकन पकडता येतं.

यातूनच दोन मार्गांचं मॉडेल आलं, एक मार्ग अक्षरावरून थेट आवाजाकडे आणि दुसरा ओळखीच्या अख्ख्या शब्दाकडे आणि अर्थाकडे. मॅक्स कोल्टहार्ट यांच्या टीमने २००१ मध्ये त्याचं कॉम्प्युटरवर चालणारं रूप मांडलं. याला विरोध करणारेही आहेत, मार्क सायडनबर्ग आणि जेम्स मॅक्लेलंड यांनी १९८९ मध्येच दाखवलं होतं की वेगळे नियम आणि वेगळा शब्दकोश न घालताही कॉम्प्युटरवरचं नेटवर्क सरावातून वाचायला शिकू शकतं. हा वाद अजून चालू आहे, आणि चालू आहे तेच बरं, कारण दोन्ही बाजूंनी एकमेकांना गप्प करण्यासाठी फार चांगले प्रयोग केलेत.

एकाच पेशंटवरचा अभ्यास विज्ञान कसा काय?

बरेच जण विचारतात. एका केसवरून "सगळ्यांना असंच होतं" म्हणता येत नाही हे खरं, पण "असं होऊ शकतं" हे सिद्ध होतं, आणि कधी कधी तेवढंच पुरतं. एका माणसात वाचन गेलं आणि लेखन राहिलं, दुसऱ्यात उलटं झालं, तर दोन्ही गोष्टी पूर्णपणे एकाच यंत्रणेवर चालतात असं म्हणणं अवघड होतं. कुठली थेरपी चालते हे ठरवायला मात्र मोठे ग्रुप लागतात. दोन्ही प्रकारचे अभ्यास लागतात.

देवनागरी तर उच्चाराप्रमाणे लिहितात, मग मराठीत डिस्लेक्सिया कमी दिसतो का?

लिपी सरळ असली की चुका कमी होतात पण अडचण नाहीशी होत नाही, ती वेगात दिसते. म्हणजे मूल बरोबर वाचतं पण इतकं हळू की वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. इटालियन लिपीही अशीच नियमित आहे, आणि २००१ मध्ये एराल्डो पाउलेसू यांच्या टीमने इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी डिस्लेक्सिक तरुणांची तुलना केली तेव्हा इटालियन मंडळी वाचनात बाकीच्यांपेक्षा अचूक होती, पण मेंदूच्या डाव्या बाजूच्या एका भागात कमी हालचाल तिघांमध्येही सारखीच दिसली. १९९९ ची एक केस आणखी बोलकी आहे. एएस या नावाने ओळखला जाणारा, जपानमध्ये वाढलेला इंग्रजीभाषक मुलगा जपानी उत्तम वाचायचा आणि इंग्रजी वाचताना अडायचा. मेंदू तोच, लिपी बदलली की चित्र बदललं.

आपल्या लिपीचं वेगळं असं काही आहेच. अक्षरं, त्यांच्या बाराखड्या आणि जोडाक्षरं मिळून शेकडो आकार होतात, मात्रा कधी वर, कधी खाली, आणि पहिली वेलांटी तर उच्चारात नंतर येते पण कागदावर आधी. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या कामात दिसलं की अशा लिपीत सगळी अक्षरं पक्की व्हायला चौथीपर्यंतचा काळ लागू शकतो, तिथे इंग्रजीची वर्णमाला फार लवकर आटपते. त्यामुळे पहिलीतल्या मुलाला जोडाक्षर येत नाही म्हणून लगेच शिक्का मारू नका.

आणि मराठी वाचायला जितकी नियमित वाटते तितकी नाही. 'चार' आणि 'चारा' यातला च वेगळा उच्चारतो पण लिहितो एकच. लिहिताना तर अजून पंचाईत, 'आणि' आणि 'पाणी' यांचा शेवट कानाला सारखाच लागतो पण वेलांटी वेगळी, तिथे कान कामाचा नाही, पाठ असावंच लागतं. म्हणून मराठी टेस्टमध्ये वाचनापेक्षा शुद्धलेखनात जास्त गोष्टी उघड होऊ शकतात असं मला वाटतं. इंग्रजी टेस्टचं नुसतं भाषांतर करून आपल्या मुलांना देणं हे म्हणूनच बरोबर नाही.

लिहिण्यातल्या चुका फक्त शुद्धलेखनाच्याच असतात का?

नाही, लिखाण तर किती ठिकाणी बिघडू शकतं! हाताची हालचाल, अक्षराचा आकार आठवणं, शब्द लिहून होईपर्यंत तो डोक्यात धरून ठेवणं, हे सगळं वेगवेगळं आहे. धरून ठेवणं कमजोर असेल तर लांब शब्दांत अक्षरं गळतात किंवा जागा बदलतात, मग शब्द ओळखीचा असो की निरर्थक. रॉबर्टो कुबेल्ली यांनी १९९१ मध्ये एका इटालियन पेशंटबद्दल लिहिलं जो व्यंजनं बरोबर लिहायचा आणि स्वरांच्या जागा रिकाम्या सोडायचा. जागा सोडायचा हे महत्त्वाचं, म्हणजे इथे स्वर आहे हे त्याला माहीत होतं, कुठला ते येत नव्हतं. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून प्रश्न पडलाय की देवनागरीत हे कसं दिसेल, मात्रा गळतील आणि अक्षर तसंच राहील का? आपल्या भाषांमध्ये अशा केसेस नीट नोंदवल्या गेल्या तर जगाच्या संशोधनात खरंच भर पडेल.

डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरं उलटी दिसणं ना?

नाही. सहा-सात वर्षांपर्यंत अक्षरं उलटी लिहिणं बहुतेक मुलांमध्ये होतं. डिस्लेक्सियाचं मूळ बहुतेक वेळा आवाजात असतं, म्हणजे शब्द छोट्या आवाजांत तोडणं, ते जोडणं, लक्षात ठेवणं, आणि दिसलेल्या चिन्हाचं नाव पटकन तोंडावर येणं. सगळ्या मुलांत एकच कारण नसतं हेही तितकंच खरं.

आणि बुद्धीशी संबंध नाही. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या ब्रिटिश डॉक्टरांनी १४ वर्षांच्या पर्सी नावाच्या मुलाबद्दल लिहिलं होतं, हुशार, खेळात चपळ, पण स्वतःचं नावही लिहिताना चुकायचा, आणि त्याच्या शिक्षकांचं म्हणणं होतं की शिकवणं फक्त तोंडी असतं तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता. एवढ्या वर्षांनंतरही अशा मुलांना आळशी म्हटलं जातं याचा मला खरोखर राग येतो.

हे अनुवंशिक आहे का?

बऱ्याच प्रमाणात हो, पण एक जीन आणि एक आजार असा हिशोब नाही. २०२२ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात डिस्लेक्सियाचं निदान झाल्याचं सांगणाऱ्या ५१,८०० मोठ्या माणसांचा डीएनए बघितला आणि ४२ जागा सापडल्या, प्रत्येकीचा परिणाम अगदी थोडा. फॉक्सपी२ हे जीन तुम्ही ऐकलं असेल, ते २००१ मध्ये एका ब्रिटिश कुटुंबात सापडलं ज्यातल्या जवळपास अर्ध्या लोकांना उच्चाराच्या हालचालींची गंभीर अडचण होती. त्याला 'भाषेचं जीन' म्हणणं चूक आहे. आई किंवा बाबांना वाचनाची अडचण असेल तर मुलावर लहानपणापासून जरा जास्त लक्ष ठेवा, एवढं पुरे.

डीएलडीबद्दल कोणीच बोलत नाही, इतकं दुर्मिळ आहे का?

दुर्मिळ अजिबात नाही! इंग्लंडमध्ये २०१६ च्या अभ्यासात चार-पाच वर्षांच्या मुलांत प्रमाण साधारण साडेसात टक्के निघालं, म्हणजे तीसच्या वर्गात दोन मुलं. पण ही मुलं दिसत नाहीत. ती गप्प बसतात, किंवा वर्गात दंगा करतात, आणि मग त्यांना लाजाळू किंवा द्वाड म्हटलं जातं. नावाचाही घोळ होता, एकेका देशात एकेक नाव, शेवटी डोरोथी बिशप यांच्या पुढाकाराने बऱ्याच देशांतले तज्ज्ञ एकत्र आले आणि २०१७ मध्ये डीएलडी या नावावर एकमत झालं.

वाचनाशी संबंध असा की यातली काही मुलं अक्षरं लावून खडाखडा वाचतात आणि काय वाचलं विचारलं की काहीच सांगता येत नाही. वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं असं गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलं, गुणाकार आहे, म्हणजे एक शून्य असेल तर उत्तर शून्य.

घरात दोन-तीन भाषा बोलतो, त्यामुळे असं झालं का? एक भाषा बंद करू का?

नाही, बंद करू नका. जास्त भाषांमुळे डीएलडी किंवा डिस्लेक्सिया होत नाही. तपासणी मात्र मुलाच्या सगळ्या भाषांत व्हायला हवी.

अफेजियात सहसा सगळ्या भाषा साधारण सारख्या बिघडतात आणि सारख्या सुधारतात, पण कधी कधी एकच परत येते, आणि ती मातृभाषाच असेल असं नाही.

अडखळत बोलणं यात येतं का?

तोतरं किंवा अडखळत बोलणं ही प्रवाहाची अडचण आहे, भाषेची नाही. साधारण दोन ते चार वर्षांच्या वयात सुरू होतं आणि बऱ्याच मुलांचं जातं. जाईलच म्हणून वाट बघत बसण्यापेक्षा एकदा स्पीच थेरपिस्टला दाखवा.

स्ट्रोक झाला नाही, पण गेली दोन वर्षं शब्द आठवणं हळूहळू कमी होतंय. वयामुळे का?

असेलही, पण दाखवून घ्या. प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजिया नावाचा प्रकार आहे, मार्सेल मेसुलम यांनी १९८२ मध्ये वर्णन केलेला, यात बाकी स्मरणशक्ती सुरुवातीला बरी असते आणि भाषाच आधी झिजत जाते. २०११ पासून त्याचे तीन प्रकार मानतात. एकात बोलणं तुटक आणि कष्टाचं होतं, दुसऱ्यात शब्दांचे अर्थच पुसले जातात, तिसऱ्यात शब्द सापडत नाही आणि ऐकलेलं लांब वाक्य परत म्हणता येत नाही. न्यूरोलॉजिस्टकडे जायला उशीर करू नका.

थेरपीचा खरंच उपयोग होतो का? सहा महिन्यांनंतर सुधारणा थांबते म्हणतात.

उपयोग होतो. २०१६ च्या कॉक्रेन रिव्ह्यूमध्ये (म्हणजे आधी झालेले अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) ५७ ट्रायल्स आणि ३,००२ लोकांची माहिती एकत्र केली होती, आणि थेरपी न मिळालेल्यांपेक्षा मिळालेल्यांचं रोजच्या वापरातलं बोलणं, वाचणं, लिहिणं बरं झालेलं दिसलं. सहा महिन्यांची लक्ष्मणरेषा खोटी आहे. २०१७ मध्ये जर्मनीत १५६ लोकांवर ट्रायल झाली, सगळ्यांचा स्ट्रोक होऊन सहा महिने किंवा जास्त झालेले, आणि आठवड्याला किमान १० तास अशी तीन आठवडे थेरपी दिल्यावर त्यांचं बोलणं सुधारलं. सुरुवातीच्या महिन्यांत वेग जास्त असतो हे खरं, पण नंतर दार बंद होतं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

बोलता येत नाही पण गाणं म्हणतात, हे कसं?

पाठ असलेल्या गोष्टी, म्हणजे गाणी, प्रार्थना, एक ते दहा आकडे, शिव्यासुद्धा, वेगळ्या वाटेने येतात आणि बऱ्याचदा शाबूत राहतात. यावरूनच १९७३ मध्ये मेलॉडिक इंटोनेशन थेरपी आली, ज्यात छोटी वाक्यं सुरात आणि हाताने ठेका देत म्हणायला शिकवतात. फायदा सुरामुळे की ठेक्यामुळे यावर अजून मतभेद आहेत. पण फक्त गाणी म्हणून घेतली म्हणजे स्वतःचं वाक्य बोलता येईल असं नाही.

रंगीत चष्मे, डिस्लेक्सियाचे खास फॉन्ट, हे घ्यावं का?

माझं सरळ उत्तर, पैसे वाचवा. रंगीत काचा आणि खास फॉन्ट यांचा वाचनावर भरवशाचा फायदा दिसलेला नाही. अक्षरांमधलं अंतर वाढवून मात्र बघायला हरकत नाही, २०१२ मध्ये इटालियन आणि फ्रेंच मुलांच्या अभ्यासात फक्त अंतर वाढवल्याने चुका जवळपास निम्म्यावर आल्या होत्या, अर्थात प्रत्येक अभ्यासात इतका फरक दिसत नाही. आणि त्याला पैसे पडत नाहीत. मुख्य काम आवाज आणि अक्षर यांची जोडी पद्धतशीर, रोज थोडं थोडं शिकवणं हेच आहे.

मेंदूत चिप बसवून बोलता येतं म्हणे, अफेजियाला चालेल का?

सध्या तरी नाही. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या टीमने एएलएस (स्नायू चालवणाऱ्या नसा हळूहळू निकामी करणारा आजार) झालेल्या एका महिलेला मिनिटाला ६२ शब्दांपर्यंत पोचवलं, फार मोठी गोष्ट आहे. पण तिची भाषा शाबूत होती, फक्त स्नायू साथ देत नव्हते, आणि यंत्राने मेंदूतल्या उच्चाराच्या हालचाली वाचल्या. अफेजियात शब्दच सापडत नाही, मग यंत्र वाचणार काय?

आम्हाला रिसर्चमध्ये भाग घ्यायचाय, काय बघावं?

संमतीचा फॉर्म पेशंटला समजेल असा आहे का ते आधी बघा, छोटी वाक्यं, मोठी अक्षरं, चित्रं, आणि हो-नाही दाखवायची सोय. अफेजिया असलेल्या लोकांना स्ट्रोकच्या ट्रायल्समधून सर्रास वगळलं जातं, कारण फॉर्म समजत नाही असं धरून चालतात, आणि त्यामुळे औषधांबद्दलची माहितीही अर्धवट राहते. नातेवाइकाने सही केली तरी पेशंटला विचारलंच पाहिजे आणि मधेच थांबायचा हक्क त्याचाच.

जाताना एक वही घेऊन जा. 'नीट बोलत नाहीत' एवढंच लिहू नका, काय म्हणायचं होतं आणि प्रत्यक्षात काय बाहेर पडलं ते जसंच्या तसं लिहा, कुठल्या भाषेत, बोलताना की वाचताना की लिहिताना, आणि मुलाचं असेल तर त्याची खरी वही न सुधारता, खाडाखोडीसकट द्या.